विहारामागची बांधी

यंदाही आषाढ पौर्णिमेला सौंदडच्या विहारात खीर शिजत होती. वेलचीचा वास नाकात शिरला आणि मी पुन्हा अठरा वर्षांची झाले.

त्या पौर्णिमेला माझा आणि माझ्या चुलतबहिणीचा, मंदाचा, सत्कार होता. पुण्याच्या नामांकित कॉलेजात दोघींचाही नंबर लागला होता. मला मात्र नागपूरच्या एका साध्या कॉलेजनं पूर्ण शिष्यवृत्तीही देऊ केली होती. “फुकटात शिक्षण भेटून राहिलं, त कर्ज कायले?” असं बाबा म्हणाले आणि मी मान डोलावली.

सत्कारात मंदाचे वडील, आमचे मोठे बाबा, उभे राहिले. “विहारामागची धानाची बांधी गहाण टाकली, पण माही पोरगी पुण्यालेच जाईन!” टाळ्याच टाळ्या. मंदा ओढणीत तोंड लपवून रडत होती. मग बाबा कौतुकानं बोलले, “आमच्या पोरीनं आमाले एक रुपया लागू देला नाई.”

“राशनच्या तांदळावानी!” मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले, बाबाही हसले. नंतर वाढलेली खीर मी तशीच ठेवून उठले.

मंदाचं कर्ज केव्हाच फिटलं, बांधीही सुटली. लोक अजून मलाच शहाणी म्हणतात. पुण्याच्या कॉलेजबद्दल आता काही वाटत नाही. पण यंदा पंगतीत बसले, तर खिडकीतून ती बांधी दिसली, नुकतीच रोवलेली, हिरवीगार, आणि पुढ्यातली खीर पुन्हा तशीच राहिली.

तिला लागूनच आमची बांधी आहे. ती बाबांनी कधीच कोणासाठी गहाण टाकली नाही.