चढावरची आखूड पावलं

“अंतर डोळ्याला इचारू नगं, पायाला इचार,” असं घाटघरची कोंडाबाई ज्याला-त्याला ऐकवायची. उद्या नकाशावरून वाट शोधायच्या स्पर्धेची निवड होती, म्हणून तिची नात सोनल सराव करत होती. शंभर मीटरला एकशे तीस पावलं, हे तिनं शाळेच्या सपाट मैदानावर पक्कं केलं होतं. चढावर तेवढीच मोजून ती थांबली, तर नकाशातला शंभर मीटरवरचा दगड अजून बराच वर!

“दगड पळाला व्हय गं?” वाटेकडेला गवत कापणारी कोंडाबाई हसली. “चढाला पाऊल आखूड पडतं, बये. मैदान संगं आणलंस का?”

“मग किती धरू, आजी?”

“तुजे पाय, तुजं माप. जा, पुन्हा खालनं मोज.”

डोक्यावर गवताचा भारा घेऊन म्हातारी चढाला लागली. सोनल खाली उतरली आणि तिथून तिची वीतभर पावलं बघत राहिली, ओठांतल्या ओठांत मोजत.