पाय टेकणारी गाडी

नळदुर्गजवळ हायवेला शकूमावशीचा ढाबा आहे. तिथं एखादी मोठी मोटरसायकल येऊन उभी राहिली की मावशी तव्यावरची भाकरी उलटायची, पदराला हात पुसायची आणि बाहेर येऊन चालवणाऱ्याला विचारायची, "बाबा, जरा बसून बघू का हिच्यावर?" हैदराबादकडं निघालेली जाकीटवाली पोरं आधी हसायची, मग गाडी धरून उभी राहायची. मावशी चपला काढून बसायची. हँडल नाही, आरसा नाही, ती फक्त खाली आपल्या पावलांकडं बघायची.

उंचीला ती लहान. बहुतेक गाड्यांवर तिची बोटंच टेकायची. मग उतरता उतरता म्हणायची, "पाय टेकले पायजेत बाबा. अधांतरी बसायला म्या काय देवी हाय व्हय?" नंतर त्या पोरांना जेवू घालताना एकेक विचारून घ्यायची. इंजन तापतं का, कंबर धरती का, चढाला थांबली तर सावरती का. असं करत करत तिच्या मनात दोनच गाड्या उरल्या होत्या. एक काळी. उंच, जड, चालली की छातीत धडधडायचं. दुसरी लाल. लांबट आणि ठेंगणी, आवाज कमी, पण तिच्यावर मावशीची दोन्ही पावलं टाचेसकट जमिनीला लागायची.

लोक म्हणायचे, "मावशी, स्कुटी घ्या की."

"स्कुटीवर बाजाराला जात्यात," मावशी म्हणायची. "मला लांब जायचंय."

लांब म्हणजे माहेरी, धाराशिवकडच्या वाशीच्या पुढं. म्हातारी आई तिथं भावाकडं अंथरुणाला खिळलेली. नवरा होता तोवर त्याच्या मर्जीनं जायचं, तो गेल्यावर यष्टीच्या. तुळजापूरला उतरा, धाराशिवला थांबा, पोचलं की परतीच्या गाडीची घाई. "आईचा हात हातात घ्यावा तवर कुणीतरी म्हणतंय, शकू, यष्टी चुकंल. एकदा तरी माझ्या टायमाला जायचं, माझ्या टायमाला उठायचं."

मी अणदूरचा. शाळा सातवीतच सुटली. भाजीच्या टेम्पोवर हमाली करायचो आणि मावशीकडं जेवायचो. तिला गाडी मीच शिकवली, माझ्या जुन्या मोटरसायकलवर, ढाब्यामागच्या शेतरस्त्यावर. कासोटा घालून बसायची आणि क्लच सोडताना मलाच शिव्या द्यायची. लायसन काढायला आम्ही दोघं बरोबर गेलो. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत ती पास झाली, मी नापास. परीक्षा म्हटलं की माझे हातपाय गार पडतात, अजूनही. बाहेर आल्यावर म्हणाली, "तोंड कशाला पाडायलास? बाण कुणीकडं हाय तेवढंच तर इचारतंय ते." मग पीठ मळता मळता ती मला रस्त्यावरच्या खुणा विचारायची, चुकलो की पिठाचा हात पाठीत. पुढं मोठ्या गाडीचंही लायसन मिळालं. आज गुजरातला बंदरावर ट्रेलर चालवतो, दोन घास सुखानं खातो, ते त्या पिठाच्या हातामुळं.

मी इकडं आलो त्याच वर्षी मावशीनं लाल गाडी नक्की केली. पैसे तिचेच होते. तिचा मुलगा दीपक पुण्याला कंपनीत. तो म्हणाला, "आई, शोरूमचं मी बघतो, तुला तिथं काय कळणार?" तिनं त्याला दोनदा बजावलं होतं, लाल. मीही भीत भीत फोन केला की दीपकभाऊ, मावशीचे पाय लालवरच टेकतात. तो म्हणाला, "सातवीवाल्या, आता तू मला गाडी शिकवणार का? ती लाल गाडी झोपल्यावानी दिसती. रस्त्यानं गेलो तर कुणी वळून बघायला नको?"

बंदरावर रांगेत उभा होतो, तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ आला. ढाब्यासमोर काळी गाडी, हार, पेढे. मावशी वर बसलेली. एका बाजूनं दीपक आणि दुसऱ्या बाजूनं त्याचा मित्र गाडी धरून. खाली लिहिलेलं, आईचं स्वप्न पूर्ण केलं. लोकांनी हात जोडले होते, असा मुलगा सगळ्यांना मिळो म्हणाले होते. मी फक्त पाय बघितले. दोन्ही पाय लोंबकळत होते.

फोन केला तर मावशी म्हणाली, "चांगलीय की गाडी. दीपकला शोभती." कागदही त्याच्याच नावावर होते. दोन दिवसांनी गाडी पुण्याला गेली.

पुढच्या उन्हाळ्यात सकाळीच मावशीला तिच्या भावाचा फोन आला, आई बोलवायलीय, लगेच नीघ. मावशीनं पिशवी भरली, रस्त्यावर जाऊन उभी राहिली. दीपकला कळवलं तर तो म्हणाला, "आई, यष्टीच्या नादी लागू नको. निघालोच मी, गाडीवर नेतो तुला." मावशी थांबली. तिच्यासमोरून तुळजापूरच्या गाड्या जात राहिल्या. कंडक्टर ओळखीचे, हात करायचे, "मावशी, येताय का?" ती मान हलवायची. दीपक आला तेव्हा ऊन कललं होतं. बरोबर मित्र होते. वाटेत जेवून आले होते, दुसऱ्याच्या ढाब्यावर.

मावशी काळ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून माहेरी पोचली, तेव्हा आई गेलेली होती. दुपारपर्यंत म्हातारी विचारत होती म्हणे, शकू आली का.

दीपकनं आजीच्या फोटोला हार घातल्याचाही व्हिडिओ टाकला. मी तो पूर्ण बघितला नाही.

यंदा सुट्टीला गेलो तेव्हा ढाब्यावर बसलो होतो. लाल गाडी आली. तीच, लांबट, ठेंगणी. पोरगा पूर्वीही कधी येऊन गेलेला असावा. उतरल्या उतरल्या हसत म्हणाला, "मावशी, बसून बघणार का?"

मावशी तव्यापासून हलली नाही. "बसून काय बघायचं? टेकत्यात माझे पाय तिच्यावर, ठाव हाय मला," ती म्हणाली. "हात धुवा, भाकरी गार होतीय."

तो जेवत होता तोवर गाडी दारात उभी होती. मावशीनं एकदाही तिकडं बघितलं नाही. मी मात्र सारखा बघत होतो. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "मावशी, अजून घेता येईल की. लायसन हाय तुमच्याकडं."

"आता कुणाकडं जाऊ रे?"

तिनं शेंगदाण्याची चटणी आणि चार भाकरी फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घातल्या. मग घड्याळाकडं बघून विचारलं, "कितीची हाय तुझी यष्टी?"

मी वेळ सांगितली. माझं अजून बसायचं मन होतं.

"मग ऊठ," मावशी म्हणाली. "त्यांच्या टायमाला जावं लागतंय."