पुरावेकाकांची खात्री

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत काकांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. "पुरावा काय?" हे त्यांच्या जिभेवर कायम तयार, म्हणून ते पुरावेकाका. आभाळ भरून आलंय असं शेजाऱ्याने म्हटलं तरी काका पुरावा मागायचे आणि मग भिजून घरी यायचे.

घरी मात्र त्यांची शिकार ठरलेली होती. बायकोची मोठी बहीण. बाई कुणा साधूकडून मंतरलेलं पाणी आणायच्या. गेला महिनाभर काकांची बायको थकल्यासारखी होती, पाय सुजत होते. झालं, ताई बाटली घेऊन हजर!

"रोज घोटभर घे गं," ताई म्हणाल्या. "गुण येईपर्यंत घेत राहा."

"वा!" काकांनी टाळीच वाजवली. "गुण आला तर पाण्याचा प्रताप, नाही आला तर अजून पाणी! ताई, तुमच्या साधूला चुकायची सोयच ठेवली नाहीये हो!"

बाटली फडताळात गेली. बायको हसली नाही. दुसऱ्या दिवशी काका तिचं रक्त नळीत घेऊन ऐटीत कामावर गेले. आता विज्ञान बोलणार होतं.

प्रयोगशाळेत एक रीत होती. आकडा चांगला आला की रिपोर्ट लगेच बाहेर. वाईट आला की यंत्राला पुन्हा विचारायचं. चांगल्या आकड्याला कुणी कधी पुन्हा विचारल्याचं ऐकिवात नाही. या रितीला तिथे काटेकोरपणा म्हणत.

बायकोच्या मूत्रपिंडाचा आकडा वाईट आला. चांगलाच वाईट.

काकांनी यंत्राला पुन्हा विचारलं. तेच उत्तर. मग त्यांनी यंत्राची सुई धुतली, रसायनाची बाटली बदलली, पुन्हा विचारलं. यंत्र आपलं म्हणणं सोडेना. कमालीचं हट्टी!

"हे सकाळपासून बिघडलंय," काका करवादले.

"अगंबाई!" काउंटरवरच्या बाई दचकल्या. "मग सकाळपासून दिलेले रिपोर्ट परत मागवू का?"

"छे छे, ते बरोबर आहेत."

बाई पुन्हा पावत्या फाडू लागल्या. अनुभवी होत्या. काकांनी नळी पुन्हा लावली. यंत्राने शिट्टी मारली, काकांनी बटण दाबून तिचं तोंड बंद केलं आणि समोर आकडा उमटला. एकदम छान! काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या आकड्याकडे मात्र पुरावा मागायचं त्यांना सुचलं नाही.

घरात पाऊल टाकताच ते ओरडले, "अगं, काही झालेलं नाही तुला! यंत्राने सांगितलंय!"

"किती वेळा बघितलंत?" बायकोने विचारलं.

"खात्री होईपर्यंत!"

बायकोने एकदा फडताळाकडे पाहिलं. "म्हणजे गुण येईपर्यंत," ती म्हणाली.

काका उसळले. विज्ञान कुठे, बाटली कुठे, अक्कल कुठे, असं बरंच काही ते बोलले. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिल्यांदा काय आलं होतं?"

आता काकांना ती शिट्टी आठवली. नळी संपली, सुई हवा ओढतेय, असं ती शिट्टी सांगते. नव्या माणसांना ते स्वतः हेच शिकवायचे, वर झापायचेही. एवढ्या वेळा विचारून विचारून नळीत काही उरलंच नव्हतं. शेवटी यंत्राने हवा तपासली होती, आणि हवेची मूत्रपिंडं ठणठणीत निघाली होती.

"वाईट आलं होतं," ते खुर्चीत बसत म्हणाले. "दर वेळी वाईटच. मी घाबरलो गं."

"मला दारातच कळलं," ती म्हणाली. "तुम्ही इतक्या जोरात कधी खूश होत नाही."

काका उठले. "चल, डॉक्टरांकडे जाऊ. आत्ताच्या आत्ता."

तिचे पाय चपलांत मावेनात. पुरावेकाका खाली बसले आणि पट्टे सैल करू लागले. बोट टेकलं तिथे सुजेवर खळगा पडला आणि तसाच राहिला. महिनाभर हे पाय घरभर त्यांच्यासमोर फिरत होते, आणि ते बघायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं.