नोटीस माझ्या अक्षरात

एस.वाय.ला असताना आम्हाला एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. कॉलेजच्या लायब्ररीतून ती सात दिवसांसाठी मिळायची, आठव्या दिवशी परत करून पुन्हा रांगेत उभं राहायचं. बारीक टाइप, पिवळी पानं, आणि वाक्यं अशी लांबलचक की शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायची. एका पानाला वीसेक शब्द डिक्शनरीत बघावे लागायचे. तरी मी चिकाटीनं वाचत होते. आमच्या घरात इतकी शिकलेली मी पहिलीच.

गोष्ट तशी साधी होती. नवरा जवळ नसताना एका बाईला मूल होतं, आणि गाव तिला चौकात उभं करतं. सगळे बघायला जमतात. त्यात बायकाच पुढे असतात, आणि शिक्षा कमी झाली म्हणून कुरकुरतही त्याच असतात. सर वर्गात म्हणाले, "या गर्दीतल्या बायकांबद्दल कोण बोलेल?" मी हात वर केला. त्या बायका दुष्ट नाहीत, घाबरलेल्या आहेत, आज तिच्याकडे बोट दाखवलं की आपल्याकडे कोणी बघणार नाही असं त्यांना वाटतं, असं काहीतरी मी अडखळत इंग्रजीत बोलले. सरांनी सगळ्या वर्गाला ते लिहून घ्यायला सांगितलं. तो सबंध दिवस मी हवेत होते.

नव्वदीची सुरुवात होती. मीरा रोडला आमची चार मजली बिल्डिंग, मागे खाडीचं खाजण, पुढे अर्धवट बांधलेल्या दुसऱ्या बिल्डिंगी. वडील भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे. घरी आले की नाकपुड्यांपासून नखांपर्यंत काळे असायचे. नळाला पाणी जेमतेम, म्हणून टँकर यायचा, आणि टँकरचं पाणी कुठल्या मजल्याला कधी सोडायचं ते सेक्रेटरी ठरवायचे.

आमच्या समोरच्या खोलीत एक ताई भाड्यानं राहायच्या. परभणीकडच्या. वय तिशीच्या पुढे. नवरा काही वर्षांपूर्वी सोडून गेला होता. स्टेशनजवळच्या एका नर्सिंग होममध्ये त्या आयाचं काम करायच्या. घरात एक स्टोव्ह, दोन पत्र्याच्या पेट्या आणि भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. माझी आई त्यांच्याशी दारात उभी राहून बोलायची, आत मात्र जायची नाही. मी जायचे. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, म्हणून भावाला पत्र, रेशनचा फॉर्म, सगळं माझ्याकडून लिहून घ्यायच्या. "तुझं अक्षर म्हणजे छापल्यावानी आहे बघ," म्हणायच्या.

आदल्या वर्षी आईला टायफॉइड झाला तेव्हा वडिलांना रजा मिळेना. ताई ड्यूटी संपवून यायच्या आणि तशाच आमच्याकडे बसायच्या. आईचं अंग पुसणं, कपडे बदलणं, भांडं धरणं, सगळं त्यांनीच केलं. बारा-तेरा दिवस. तेव्हा आई त्यांच्या हातची पेज प्यायली.

त्यांना दिवस गेलेत हे बिल्डिंगीत आधी बायकांच्या लक्षात आलं. जिन्यात कुजबुज सुरू झाली. त्या जिना चढायला लागल्या की बोलणं थांबायचं आणि दारं लागायची. तळमजल्याच्या काकू आईला म्हणाल्या, "त्यांच्यात चालतं असलं." आईनं मान खाली घातली, पण "नाही हो" म्हणाली नाही. मग आमच्या मजल्याचं पाणी अर्ध्या तासावर आलं, आणि सगळे म्हणाले की तिच्यामुळे.

मी वाचत होते त्या कादंबरीत सगळं गाव त्या बाईला एकच विचारतं, बाप कोण ते सांग. आमच्या बिल्डिंगीत हा प्रश्न कोणीच विचारला नाही. उत्तर कोणाला जाणूनच घ्यायचं नव्हतं.

एका रविवारी सकाळी सेक्रेटरी आणि कमिटीचे दोघं आमच्याकडे आले. सेक्रेटरी मला म्हणाले, "बेटा, तू इंग्लिशवाली है, तेरा हँडरायटिंग भी अच्छा है. दो लेटर लिख दे. एक फ्लॅट के मालिक को इंग्लिश में, एक उसको मराठी में."

काय लिहायचंय ते मला कळलं. मी वडिलांकडे बघितलं. ते म्हणाले, "दे लिहून. आपल्याला इथंच राहायचंय."

"पण ताईंनी आईला..."

"मला माहीत आहे काय केलं ते," ते म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले. आई आतून बाहेर आलीच नाही.

मी लिहून दिलं. सेक्रेटरी हिंदीत सांगत गेले, मी मराठी करत गेले. 'सदर रहिवाशाच्या वर्तनामुळे सोसायटीतील कुटुंबांवर, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलींवर वाईट परिणाम होत आहे. तरी महिनाअखेर जागा रिकामी करावी.' आमच्या मजल्यावर वाढत्या वयाची मुलगी मी एकटीच होते.

इंग्रजी पत्र लिहिताना मला एक शब्द अडला आणि त्याच आठवड्यात कादंबरीत भेटलेला एक भारदस्त शब्द आठवला. तो मी तिथे घातला. नेमका बसला म्हणून क्षणभर बरंही वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सेक्रेटरींनी पत्र वाचलं, "वा!" म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ताई महिनाअखेरीच्या आधीच गेल्या. सहावा महिना असेल. खाली टेम्पो उभा होता. टेम्पोवाल्यानं एक पेटी उचलली, दुसरी त्या स्वतः ओढत होत्या. दारं सगळी बंद. मी बाहेर आले आणि पेटीची दुसरी कडी धरली. दोघींनी मिळून ती जिन्यातून उतरवली. खाली आल्यावर धाप लागली म्हणून त्या पेटीवर बसल्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्या कागदावरचं अक्षर तुझं होतं ना?"

मी हाताला लागलेला पेटीचा गंज ओढणीला पुसला.

"भावाला दाखवू म्हणलं तर त्याच्याकडंबी तुझीच पत्रं. त्यालाबी कळंल." त्या रागावल्या असत्या तर मी रडले असते. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. टेम्पोत बसताना एवढंच म्हणाल्या, "आईला सांग, तिखट कमी खा. आतडी नाजूक झालीत तिची."

मी आईला ते सांगितलं नाही.

परीक्षेत त्याच कादंबरीवर प्रश्न आला, गर्दीवरच. मी चार पानं लिहिली. लिहिताना हात कुठेच अडखळला नाही याची मला भीती वाटली. त्या पेपरात मी वर्गात पहिली आले.

सुट्टीत मी नर्सिंग होममध्ये चौकशी केली. एका नर्सनं सांगितलं की ताई भाईंदरपलीकडच्या राई गावात, एका आयाच्या घरी राहत होत्या. मी बसनं राईला गेले. खाडीच्या बाजूला जुनी घरं होती. त्या आयाच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. मी ताईंबद्दल विचारलं.

"ती आता न्हाय हितं," म्हातारी म्हणाली. "पोर झालं, पन जगलं न्हाय. दोन दिस होतं. मंग गेली ती गावाकडं." हातातलं काम न थांबवता तिनं विचारलं, "तू कोन तिची?"

"कोणी नाही. एकाच बिल्डिंगीत राहायचो."

तिनं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. बिल्डिंगीबद्दल तिला माहीत असावं. मला बस म्हणाली नाही. मी गावचा पत्ता विचारला. तिला ठाऊक नव्हता. खरं तर मलाच ठाऊक असायला हवा होता, भावाच्या पाकिटावर तो किती वेळा मीच लिहिला होता. पण आठवायला गेले तर 'जिल्हा परभणी' एवढंच आठवलं.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. वडील अजून यायचे होते. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, राईला गेले ते, मूल गेलं ते, आणि तिखटाचंही. आईचा हात सुपातच थांबला. समोरचं दार उघडं होतं, तिथे नवीन भाडेकरूंची मुलं खेळत होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं.

मग म्हणाली, "मुलगा होता की मुलगी?"

मी ते विचारलंच नव्हतं.