सळई थंड होईस्तोवर

जिनिंगच्या फाटकासमोर माझं चहाचं दुकान. एका वर्षी तिथं कापसाच्या गंजीले आग लागली. ती विझत आली अन् आत भांडण पेटलं. मले बसल्या जागी ऐकू येत होतं.

"पोरं वर चढवा ना, उकरा गंजी. पगार कायचा घेता?" हे जिनिंगचे मालक, वामनराव.

"विझवायचा घेतो, जळायचा नाही." हा देवीलाल, वणीच्या बंबावरचा साहेब. "कापूस वरून काळा दिसते, आत निखारा राह्यते. मागं रामधनले म्याच चढवलं होतं. मांडीपर्यंत खचला. आता काठी टेकत चालते तो."

पुढची दिवाळी येईस्तोवर वामनराव त्याच्याशी बोलले नाहीत.

देवीलाल दिसायला काही खास नाही. पोट सुटलेलं, आवाज घोगरा. पण रामधनचं झाल्यापासून त्यानं रीत घातली. बंबावर एक लांब लोखंडी सळई ठेवली. गंजीत खुपसायची, जराशानं काढायची, टोकाले हात लावायचा. टोक गरम, तर कोणीच चढायचं नाही; मालक ओरडो की आमदार. नळी धरणारी पोरंही पाळीपाळीनं सावलीत बसवायचा, माझ्याकडचं लिंबूपाणी पाजायचा. पोरं लाजत, मर्द गडी मधातच कसा बसन म्हणून. हा म्हणे, "चक्कर येऊन पडलेला मर्द मलेच उचलावा लागते."

त्याच्या निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ तयार होतं, अन् जिनिंगले पुन्हा आग. साहेबकी सकाळीच त्याच्या हाताखालच्या अश्वजितकडे गेली होती. आग वरवर विझली तसे वामनराव त्याले म्हणाले, "तू तरी ऐक, बाबू. एक पोरगा चढव."

अश्वजितचं तोंड उतरलं. पहिलाच दिवस, अन् समोर एवढा मोठा माणूस. त्यानं देवीलालकडे पाहिलं. देवीलाल लिंबूपाण्याचा डबा धरून उभा. मले वाटलं, गेली आता ती रीत.

अश्वजितनं सळई खुपसली. काढली, टोकाले बोट लावलं अन् झटक्यानं मागं घेतलं.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही लावून पाहा हात. मग सांगा, कोणाचा पोरगा चढवू."

वामनरावांनी हात पाठीमागं नेला. मग गंजी फोडायले जेसीबी बोलावला.

संध्याकाळी देवीलाल शाल खांद्यावर घेऊनच दुकानावर आला. डबा नेहमीसारखा धुऊन आणलेला. फळीवर पालथा ठेवला.

"झाकण पाहून घे, मावशी. मागं हरवलं तर किती बोलली होतीस मले."