निळी ऑर्डर

"कोरोनात सगळ्यात वाईट काय झालं, तर तो क्रिकेटचा दौरा रद्द झाला," केतनभाई जर्सीचं पार्सल फोडत म्हणाले. सगळं ऑफिस हसलं.

नव्या पॉलिस्टरचा उग्र वास आला आणि मी पांडेसऱ्यातल्या आमच्या खोलीत जाऊन पोचले. पप्पा तिथल्या रंगाईच्या मिलमध्ये होते. कोणती ऑर्डर चालू आहे, ते त्यांच्या हातांवरून घरी कळायचं. कोरोना आला त्या मार्चमध्ये हात निळे होते, कारण मॅचसाठी जर्सीचं कापड रंगत होतं. मग पाहुणा संघ न खेळताच परत गेला आणि पप्पा भरदुपारी घरी आले. मोरीत बसून हात घासत राहिले.

"राहू द्या, कातडी निघेल," आई म्हणाली.

"ऑर्डर गेली. उद्यापासून येऊ नका म्हणे. आता रंग आपोआपच जाईल."

पप्पा दिवसभर घरी असणार, म्हणून मला तेव्हा चक्क आनंद झाला होता. पुढे त्यांचे हात स्वच्छ झाले.

"मस्त आहे ना?" केतनभाईंनी जर्सी माझ्यासमोर धरली.

"दौरे पुन्हा सुरू झाले, केतनभाई," मी म्हणाले. "माझ्या पप्पांना मिलने परत बोलावलं नाही."