प्रार्थना केलेली गोळी

माझ्या सासूबाई मला बीपीची गोळी नुसती देत नसत. सकाळी डाव्या तळहातावर गोळी ठेवून डोळे मिटायच्या, माझ्यासाठी प्रार्थना करायच्या आणि मी आमेन म्हटल्यावरच ती माझ्या हाती पडायची. उजवा हात त्यांच्या कामाचा राहिला नव्हता. बरं वाटतंय म्हणून एकदा त्यांनी आपल्या मनाने गोळ्या सोडल्या, बीपी वाढलं आणि अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून राहुरीजवळच्या देवळालीतल्या आमच्या घरात जेवण चुकलं तर चालायचं, गोळी नाही.

माझं वजन आणि बीपी दोन्ही हाताबाहेर गेलं, तेव्हा पुण्यात पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. वजन भराभर उतरलं. पण उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरातल्या मशीनवर आकडा कमी दिसला की सगळे खूश, पुण्याला कळवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. चक्कर येते म्हटलं तर म्हणायचे, खात नाहीस. चार घासांत पोट भरणाऱ्या बाईला हे ऐकून किती संताप येतो ते मीच जाणे.

एका रविवारी चर्चमध्ये गीतासाठी सगळे उभे राहिले. मीही राहिले आणि समोरच्या बाकावर कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा कपाळाला खोक पडली होती. मी मरणार, असंच मला वाटलं.

राहुरीच्या डॉक्टरांनी आधी बसवून, मग उभं करून बीपी मोजलं आणि पुण्याला फोन लावला. वजनाबरोबर बीपीही उतरलं होतं, गोळ्या मात्र जुन्याच चालू होत्या. एक त्यांनी बंद केली, दुसरी निम्मी केली आणि रोज मोजून कळवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई तीच बंद केलेली गोळी घेऊन आल्या. प्रार्थना झाली. मी आमेन म्हटलं, पण हात पुढे केला नाही.

"आई, ही डॉक्टरांनी बंद केलीय."

"मला बी तवा बरंच वाटत हुतं," त्या म्हणाल्या. "घे."

मी मान हलवली. डॉक्टर चुकले असतील तर, ही धास्ती माझ्याही पोटात होतीच. त्यांनी गोळी मुठीत धरली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. मी मेथी निवडत होते, त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी जरा गप्प झाले की म्हणायच्या, "बोलत ऱ्हा. तोंड वाकडं न्हाई ना होत, मला बघू दे."

मी दिवसभर बोलत राहिले. संध्याकाळी त्यांनी मूठ उघडली, तेव्हा घामाने गोळीचा लगदा झाला होता.